तीन वीकएंडमध्ये ‘रीडिंग स्पेशालिस्ट’ होता येतं का?

प्रश्न: ताई, मी ३४ वर्षांची आहे, नाशिकला सिडकोतल्या एका अनुदानित मराठी शाळेत दुसरी-तिसरीला शिकवते. डी.एड. आणि बी.ए. मराठी झालंय, नोकरीला नऊ वर्षं झाली. माहेर पिंपळगाव बसवंत. माझ्या वर्गातली निम्म्याहून जास्त पोरं अंबड-सातपूरच्या कंपन्यांत कामाला आलेल्या घरांतली, कुणाच्या घरी अहिराणी तर कुणाच्या घरी हिंदी. ‘असर’ या देशभरातल्या वाचन-गणिताच्या पाहणीसारखी चाचणी घेतली की कोण अक्षरावर आहे आणि कोण शब्दावर ते कळतं, पण त्यापुढे नेमकं काय करायचं हे मला डी.एड.ला कुणी शिकवलं नाही. एक मुलगा ‘माझा भाऊ शाळेत गेला’ हे वाक्य ‘मना भाऊ शाळामा गया’ असं वाचतो, त्याला वाचता येत नाही असं धरायचं का? मला वाचन शिकवण्यातलंच मोठं शिक्षण घ्यायचंय. कॉलेज रोडवर एक जण तीन वीकएंडमध्ये ‘इंटरनॅशनल रीडिंग स्पेशालिस्ट’ करून देतात, फी ३८ हजार. न्यू जर्सीची मावसबहीण म्हणते तिकडचं मास्टर्स ऑनलाइन कर. मिस्टर म्हणतात एम.एड. कर आणि विषय संपव. सासूबाई म्हणतात मुलगी पाच वर्षांची आहे, आता कशाला. नोकरी सोडून दोन वर्षं शिकायला जाऊ का? आणि प्लीज मला अहो-जाहो नको.

उत्तर:

बरं, अगं-तुगंच करते.

नोकरी सोडू नकोस, निदान यावर्षी तरी नाही, आणि ते ३८ हजार तर अजिबात भरू नकोस. आता का ते सांगते.

तुझ्या पत्रात मला सगळ्यात आवडलं काय तर तो ‘मना भाऊ शाळामा गया’ वाला मुलगा, म्हणजे तो तुझ्या लक्षात राहिला आणि त्याच्याबद्दल तुला शंका आली हे. त्या मुलाला वाचता येतं गं. चांगलं येतं. बघ ना, पुस्तकात ‘माझा’ छापलंय आणि तो ‘मना’ म्हणतोय, म्हणजे त्याने अक्षरं ओळखली, शब्द कळला, वाक्याचा अर्थ डोक्यात गेला आणि बाहेर येताना तो त्याच्या घरच्या बोलीतून आला. नुसता अंदाजाने ठोकत असता तर ‘शाळेत’चं बरोब्बर ‘शाळामा’ आणि ‘गेला’चं ‘गया’ झालंच नसतं, कुठेतरी घसरला असता. आता त्याला तू ‘चूक, परत वाच’ म्हटलंस तर तो पुढच्या वेळी अर्थ सोडून देईल आणि एकेक अक्षर चाचपत बसेल, आणि मग खरंच वाचन बिघडेल. त्याला म्हणायचं, ‘बरोबर, आणि पुस्तकातल्या बोलीत हे कसं लिहिलंय ते बोट ठेवून दाखव बरं.’ बस्स. त्याला मराठीचा सराव हवाय, वाचनाचा उपचार नकोय.

आता दुसरा नमुना बघ, हाही तुझ्या वर्गात असणारच. ‘क… म… ळ…’ असं तिन्ही अक्षरं सुटी-सुटी, प्रत्येकात अ नीट ओढून म्हणतो आणि काय वाचलंस विचारलं की चित्राकडे बघून सांगतो ‘फूल’. त्याला अक्षरं येतात, पण ती जोडून बोलण्यातला शब्द होतो, शेवटच्या ळ मधला अ आपण बोलताना खाऊन टाकतो, हे त्याच्या कानाला अजून जुळलेलं नाही. त्याच्याकडून बाराखडी आणखी पन्नास वेळा लिहून घेतली तरी काही होणार नाही, त्याला तोंडी खेळ पाहिजेत, शब्द तोडायचे जोडायचे, ‘क’ काढला तर काय उरलं, ‘म’च्या जागी ‘प’ टाकला तर काय झालं, असले.

आणि तिसरी ती मुलगी जी तुझ्या चाचणीत सापडतच नाही. घरी हिंदी, पाठ खडाखडा वाचते, ‘गोष्ट’ स्तर, तक्त्यात एकदम वर. तिला विचार की ओसरीवर कोण बसलं होतं, परसात काय लावलं होतं, तर ती तुझ्या तोंडाकडे बघत राहील कारण ओसरी काय नि परस काय, तिला एकही शब्द माहीत नाही. मोठ्याने वाचून दाखवायच्या चाचणीत ही पास होते आणि पाचवीत गेल्यावर सगळे म्हणतात अचानक मागे कशी पडली. अचानक वगैरे काही नाही, दुसरीतच मागे होती, कुणी विचारलं नाही एवढंच.

चौथा एक असतो, वर्गात क्वचित एखादा. तोंडी एकदम हुशार, गोष्ट सांगायला लावली तर सगळ्यांना हसवेल, आणि नीट मन लावून महिनोन्‌महिने शिकवूनही कालचं अक्षर आज अनोळखी. हा वेगळा रस्ता आहे, त्यावर पुढे येते.

हे चार जण असरच्या कागदावर दोन-तीन रकान्यांत बसतात, आणि चौघांना चार वेगवेगळ्या गोष्टी लागतात. तुझ्या माहेरी कुणाच्याही बागेत जाऊन विचार, पान खराब दिसलं की द्राक्षवाला आधी पान उलटून बघतो डावणी आहे की भुरी, मगच औषध ठरवतो. चाचणी वाईट नाही, तिचं काम जिल्हा-राज्य पातळीवर चित्र दाखवण्याचं आहे आणि ते ती २००५ पासून चोख करतेय. पण ‘पान उलटून बघणं’ तिच्यात नाही, आणि तुला जे शिकायचंय ते तेच आहे. म्हणून कुठलाही कोर्स बघताना एकच प्रश्न विचार: यात मला एका मुलाशेजारी बसवून, मी काय करतेय ते बघणारं आणि नंतर माझ्याशी त्यावर बोलणारं कुणी आहे का? असेल तर तो कोर्स तीन महिन्यांचा असला तरी चालेल. नसेल तर मास्टर्स असलं तरी तुझ्या वर्गात सोमवारी सकाळी त्याचा उपयोग नाही.

आता मावसबहिणीचं घेऊ, कारण ती चुकीचं सांगत नाहीये, ती तिच्या देशातलं सांगतेय. अमेरिकेत रीडिंग स्पेशालिस्ट ही खरोखरची पोस्ट असते. आधी शिक्षकाचं लायसन्स, मग वर्गात शिकवल्याचा अनुभव, मग मास्टर्स, साधारण तीसेक क्रेडिटचं, आणि बऱ्याच राज्यांत त्यावर परीक्षा, मग सर्टिफिकेशन. तिथे इंटरनॅशनल लिटरसी असोसिएशन नावाची संस्था आहे, १९५६ पासूनची, तिने २०१७ मध्ये या लोकांच्या तयारीची मानकं काढली आणि त्यात तीन कामं वेगळी केलीत: मुलांसोबत बसणारा स्पेशालिस्ट, शिक्षकांसोबत काम करणारा लिटरसी कोच, आणि अख्ख्या शाळेचं किंवा जिल्ह्याचं बघणारा कोऑर्डिनेटर. मला ही विभागणी फार पटते, कारण आपल्याकडे ‘तज्ज्ञ’ म्हटलं की तो थेट माइक हातात घेऊन दोनशे शिक्षकांसमोर उभा, मुलाशेजारी बसलेला तज्ज्ञ आपण बघितलेलाच नसतो.

आणि त्या मास्टर्सचा जीव असतो प्रॅक्टिकममध्ये, म्हणजे देखरेखीखाली प्रत्यक्ष शिकवण्यात. बऱ्याच युनिव्हर्सिट्यांत रीडिंग क्लिनिक असतं, विद्यार्थी-शिक्षिकेला अडखळणारं एक मूल मिळतं, आधी तपासणी, मग योजना, मग शिकवणं, त्याचं रेकॉर्डिंग, त्यावर गाइड तिला सोलून काढणार, शेवटी त्या मुलाचा रिपोर्ट पालकांच्या हातात. बाकी विषय म्हणजे भाषाविज्ञान, वाचनाचं मानसशास्त्र, बालसाहित्य, लेखन, दुसऱ्या भाषेतून शिकणारी मुलं, आणि हल्ली कोचिंग. हे ऐकून तुला वाटेल हेच तर पाहिजे. हो, पण ते मूल इंग्रजी वाचणारं असणार, चाचण्या इंग्रजीच्या, लायसन्स त्यांच्या राज्याचं, फी डॉलरमध्ये, आणि ते सर्टिफिकेट घेऊन तू सिडकोत आलीस तर हेडसर म्हणणार वा छान, आता शालेय पोषण आहाराचं रजिस्टर पूर्ण करा. तिकडे राहायलाच जाणार असशील तर गोष्ट वेगळी, तसं पत्रात काही दिसलं नाही मला.

शिवाय इंग्रजीतलं सगळं उचलून मराठीवर चिकटवता येत नाही, आणि इथेच ते वीकएंडवाले फसवतात. अमेरिकेत २००० साली नॅशनल रीडिंग पॅनेलचा अहवाल आला त्यात पाच गोष्टी होत्या, ध्वनींची जाण, फोनिक्स म्हणजे अक्षर आणि आवाज यांची जोडी, ओघ, शब्दसंपत्ती, आकलन. त्यातलं एक ‘फोनिक्स’ उचलून आपल्याकडे गल्लोगल्ली दुकानं निघाली. इंग्रजीत फोनिक्सवर एवढा जोर का, तर तिथे ओ-यू-जी-एच हीच चार अक्षरं एका शब्दात ‘टफ’ मध्ये येतात, दुसऱ्यात ‘थ्रू’ मध्ये, तिसऱ्यात ‘दो’ मध्ये, पोरांनी करायचं काय. मराठीत ही भानगड जवळजवळ नाही, चमचा आणि चहा मधला च सोडला आणि अशा थोड्या जागा सोडल्या तर लिहिलंय तसंच वाचायचं. आपली अडचण दुसरीच आहे, चिन्हं किती ते बघ. पस्तीसच्या आसपास व्यंजनं गुणिले बारा, झाली चारशेच्या वर, आणि जोडाक्षरं अजून बाजूलाच. त्यात ‘किती’ मधली पहिली वेलांटी लिहिताना क च्या आधी आणि बोलताना नंतर, ‘सूर्य’ मधला र बोलताना य च्या आधी आणि बसलाय य च्या डोक्यावर. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांवर जे काम केलंय त्यात हेच दिसतं की आपल्यासारख्या लिप्यांत अक्षरं पक्की व्हायचं काम पहिलीत संपत नाही, पुढे बरंच चालू राहतं. म्हणजे दुसरीतलं मूल जोडाक्षराला अडलं तर ते मागे पडलेलं नाही, ते रस्त्यातच आहे. हे त्या तीन वीकएंडमध्ये कुणी सांगणार आहे का? माहितीपत्रक तू पाठवलंस ते मी वाचलं, त्यात मराठी हा शब्दच नाही.

एक थिअरी मात्र तिकडची आहे आणि आपल्यालाही तशीच्या तशी चालते. गफ आणि टनमर या दोघांनी १९८६ मध्ये मांडलं की वाचून समजणं म्हणजे अक्षरं सोडवता येणं गुणिले भाषा समजणं. अधिक नाही हं, गुणिले. दोन्हीपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्य. तुझी ती खडाखडा वाचणारी मुलगी पहिल्यात पुढे आणि दुसऱ्यात मागे, तो ‘क म ळ’ वाला दुसऱ्यात पुढे आणि पहिल्यात मागे, आणि तुझा अहिराणीवाला दोन्हीत बरा, फक्त भाषा त्याची स्वतःची. एवढं एक सूत्र धरून वर्गाकडे बघितलंस तरी रकाने बदलतात की नाही बघ.

आता आपल्याकडे काय आहे. सरळ सांगते, महाराष्ट्रात शाळेत ‘वाचनतज्ज्ञ’ नावाची मंजूर पोस्ट नाही. त्यामुळे डिग्री मिळाली की पद आणि पगार असं काही होणार नाही, हे मनात पक्कं करूनच शिकायला बस. निपुण भारत ही केंद्र सरकारची मोहीम, ती ५ जुलै २०२१ ला सुरू झाली, तिसरीपर्यंतच्या मुलांना २०२६-२७ पर्यंत वाचता-लिहिता आणि गणित आलंच पाहिजे असं ध्येय ठेवून, त्यामुळे या विषयाला भाव आला, संस्थांमध्ये कामं निघाली, साधनव्यक्ती आणि केंद्रप्रमुखांच्या तोंडी एफएलएन (पायाभूत वाचन-लेखन आणि गणित) हा शब्द बसला, पण तुझ्या शाळेच्या संचमान्यतेत, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, त्याने काही फरक पडलेला नाही.

मिस्टरांचं एम.एड. घे. अगदीच वाईट सल्ला नाही तो. शिक्षक प्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या एनसीटीईच्या २०१४ च्या नियमांनुसार पदवी आणि डी.एड. दोन्हीत ५० टक्के असतील तर बी.एड. न करताही एम.एड.ला बसता येतं, हे पुष्कळ जणींना माहीतच नसतं, तुझे मार्क काढून बघ. पण एम.एड. आता दोन वर्षांचं रेग्युलर आहे आणि नोकरी करत ‘अटेंडन्स मॅनेज होतो’ म्हणून सांगणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नकोस, नऊ वर्षांची सर्व्हिस पणाला लावायची काही गरज नाही. आणि त्यात वाचन कितीसं असतं, एखाद्या पेपरात एखादं युनिट. एम.एड. उपयोगी पडतं ते पुढे डी.एड.-बी.एड. कॉलेजला किंवा डायटला (जिल्ह्याच्या शिक्षक प्रशिक्षण संस्थेला) जायचं असेल तर. केलंसच तर एक गोष्ट कर, लघुशोधप्रबंधाचा विषय वाचनाचाच घे आणि तो स्वतःच्या वर्गातल्या मुलांवर घे, ‘अमुक तालुक्यातील शिक्षकांच्या समायोजनाचा अभ्यास’ वगैरे गाइडने हातात दिलं तर गोड बोलून नाकार.

नोकरी सांभाळून करायचं असेल तर एम.ए. एज्युकेशन दूरशिक्षणाने, इग्नूचं आहे, आणि आपलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ तर गोवर्धनला, गंगापूर धरणाच्या वाटेवर, तिथे जाऊन शिक्षणशास्त्राच्या विभागात तासभर बोलून ये, पोर्टल बघून डोकं दुखवण्यापेक्षा ते बरं. एम.ए. एज्युकेशन म्हणजे एम.एड. नव्हे हे लक्षात ठेव, कॉलेजच्या जाहिराती बहुतेक वेळा एम.एड. मागतात. आणि दूरशिक्षणात मुलाशेजारी बसणं तुलाच घडवून आणावं लागणार, ते कोर्समध्ये नसतं.

कॅम्पसवर जाऊन, खरंखुरं दोन वर्षांचं, दर्जेदार असं म्हणशील तर बंगळुरूची अझीम प्रेमजी युनिव्हर्सिटी आहे, घरच्या उत्पन्नाप्रमाणे स्कॉलरशिप देतात, आणि मुंबईला टिस म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, ज्यांनी २००६ मध्ये प्राथमिक शिक्षणाचं एम.ए. काढलं तेच मुळी काम करणाऱ्या लोकांना डोळ्यासमोर ठेवून, काही आठवडे कॅम्पसवर आणि बाकी आपल्या जागी अशी त्याची मांडणी होती. दोन्हीकडे वाचायचं-लिहायचं बरंचसं इंग्रजीतून, ते तुला कितपत जमेल ते तूच ठरव, घाबरवत नाहीये, मराठी बी.ए. करून तिथे जाऊन उत्तम करणाऱ्या बायका आहेत, पण पहिली टर्म रडवते. ही वाट कुणासाठी, तर जिला पुढे शिक्षकांना शिकवायचंय, अभ्यासक्रम लिहायचाय, संस्थेत जायचंय. तुझ्या पत्रात मला वर्गच दिसला, वर्ग सोडायची इच्छा कुठे दिसली नाही. म्हणून मी तुला आत्ता तिकडे ढकलणार नाही.

चौथ्या मुलाची वाट वेगळी आहे म्हणाले ना, ती आरसीआयची. भारतीय पुनर्वास परिषद. डिस्लेक्सिया वगैरेला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जागा मिळाली आणि विशेष शिक्षक म्हणून काम करायचं तर बी.एड. स्पेशल एज्युकेशन, त्यात लर्निंग डिसॅबिलिटी हा विषय, आणि मग आरसीआयचं रजिस्ट्रेशन. या रजिस्ट्रेशनशिवाय ‘स्पेशल एज्युकेटर’ची पाटी लावायची नसते, कॉलेज रोडवर लावणारे लावतात तो भाग निराळा. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ म्हणून तपासणीचं साधन केलंय, त्यात मराठीही आहे. पण लक्षात ठेव, अशा साधनाने शंका पक्की होते, निदान होत नाही, आणि प्रमाणपत्र सरकारने ठरवलेल्या हॉस्पिटलातूनच मिळतं. आपण शिक्षकांनी ‘तुमच्या मुलाला डिस्लेक्सिया आहे’ हे वाक्य पालकांसमोर उच्चारायचंच नाही. काय दिसलं ते सांगायचं, तारखेसकट. आणि त्याआधी स्वतःला विचारायचं की याला नीट शिकवलं गेलंय का, कारण माझ्या बघण्यातली ‘डिस्लेक्सिया असेल हो’ म्हणून पाठवलेली निम्मी पोरं द्राक्षाच्या हंगामात आईबापाबरोबर दिंडोरी-निफाडला जाऊन आलेली आणि मधले तीन महिने शाळा चुकलेली असतात.

मराठीतलं काम मराठीत बघायचं तर दोन ठिकाणं सांगते. एक फलटण. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकेतून आलेल्या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी तिथे प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन सुरू केलं, आणि अ ते ज्ञ ओळीने न शिकवता थोडी थोडी अक्षरं आणि स्वरचिन्हं गटाने घेऊन लगेच त्यांतून शब्द-वाक्यं वाचायला लावायची पद्धत बसवली, मूल सगळी मुळाक्षरं-बाराखड्या संपायची वाट न बघता पहिल्या काही आठवड्यांत काहीतरी अर्थाचं वाचतं. दुसरं वाड्याजवळचं सोनाळे, क्वेस्ट ही संस्था, नीलेश निमकरांची, २००७ पासूनची. आपल्याकडून त्र्यंबक-जव्हारमार्गे जाता येतं. त्यांचा ‘अनुपद’ कार्यक्रम मोठ्या वर्गात जाऊनही वाचायला न आलेल्या मुलांसाठीच आहे, शिक्षकांसोबत काम करण्याचा अनुभव दांडगा, आणि ‘लिरिल’ या अभ्यासाचा मराठी भाग वाडा तालुक्यातल्याच शाळांमध्ये झाला, मराठी आणि कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांच्या मागे सलग तीन वर्षं राहून केलेला, २०१७ मध्ये त्याचा रिपोर्ट आला. इंग्रजीत आहे, जाड आहे, तरी वाच, रोज चार पानं. त्यातली मुलं तुला तुझ्या वर्गातली वाटतील. या लोकांना फोन करून शिक्षकांसाठी सध्या काय चालू आहे ते विचार, आणि दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत जाऊन ये. माझं स्पष्ट मत, मास्टर्सआधी हे.

आणि याच आठवड्यात, पैसे न लागणारं एक काम. दोन मुलं निवड, चार नको, दमशील. प्रत्येकाची वेगळी वही. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं त्याच्या शेजारी बस, समोर नाही, शेजारी. शंभरेक शब्दांचा उतारा तुझ्याकडेही एक आणि त्याच्याकडेही एक, आणि तो वाचेल तशी प्रत्येक शब्दावर खूण, बरोबर असेल तर बरोबर, चुकला तर त्याने नेमकं काय म्हटलं ते लिहायचं, स्वतःच सुधारलं तर तेही. याला रनिंग रेकॉर्ड म्हणतात, न्यूझीलंडच्या मेरी क्ले बाईंची पद्धत. त्यांच्या हिशोबाने शंभरात ९५ किंवा त्याहून जास्त बरोबर म्हणजे उतारा सोपा, ९० ते ९४ म्हणजे शिकवायला योग्य, त्याखाली अवघड. मराठीत हे आकडे डोळे झाकून लावू नकोस, आपला ‘शाळेतल्यांनासुद्धा’ हा एक शब्द इंग्रजीतल्या पाच-सहा शब्दांबरोबर जातो. आकड्यापेक्षा चुका वाच. अर्थाला धरून चुकतो, अक्षराला धरून चुकतो की नुसता पहिल्या अक्षरावरून उडी मारतो. दोन-तीन महिन्यांच्या अशा दोन वह्या घेऊन तू टिसच्या मुलाखतीला गेलीस, क्वेस्टला गेलीस किंवा मुक्त विद्यापीठातल्या गाइडसमोर बसलीस तर तुझं बोलणंच वेगळं असेल. वाचायला पुस्तकं कमी पडली तर स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट आहेत, आणि सावानाचं (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) सभासदत्व नसेल तर घे, १८४० पासूनचं वाचनालय गावात आहे आणि आपण पोरांना दाखवायला फक्त बालभारती.

घरचं. सासूबाईंना वाईट समजू नकोस, त्या ‘नको’ म्हणत नाहीयेत, ‘आता कशाला’ म्हणतायत, आणि पाच वर्षांच्या पोरीला दोन वर्षं बंगळुरूला नेणं किंवा मागे ठेवणं या दोन्हीचा भार त्यांच्यावरच येणार आहे हे त्यांना तुझ्या आधी दिसलंय. पण दूरशिक्षण आणि सुट्टीतले आठ-दहा दिवस याला त्यांची ना नसावी, तसं सांगून तर बघ, सगळं एकदम मांडू नकोस. पैशाचं म्हणशील तर बारा वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी असते, तुझी नऊ झालीत, आत्ता राजीनामा देणं म्हणजे हातातलं घालवणं. वय ३४ हा काही मुद्दाच नाही, त्यावर मी एक ओळही वाया घालवणार नाही.

आणि कुठलाही कोर्स घेतलास, अगदी इग्नूचा, तरी प्रवेशाआधी तुझी शाळा चालवणाऱ्या संस्थेची लेखी परवानगी घे. अर्ज दे, आवक नंबर घे, झेरॉक्स घरी ठेव. तोंडी ‘करा हो मॅडम, काय हरकत आहे’ यावर विसंबून डिग्री झाली आणि मग सेवापुस्तकात नोंद करायला क्लार्क परवानगीचं पत्र मागतो, ते नसलं की दोन वर्षांच्या अभ्यासापेक्षा जास्त चपला त्या एका सहीसाठी झिजतात.

पत्राच्या खाली बारीक अक्षरात लिहिलंयस की त्या वीकएंडवाल्यांना दोन हजार टोकन देऊन बसलेय. ‘बॅच सुरू व्हायच्या आत रद्द केलं तर परत’ असं त्यांच्याच माहितीपत्रकात मागच्या पानावर छापलंय, आणि बॅच पुढच्या शनिवारची आहे. उद्याच व्हॉट्सॲपवर लेखी कळव, फोनवर नको, आणि पावतीचा फोटो सोबत जोड.

— सिडकोतल्या बाई